बटण दाबण्याआधी

फोटो काढताना माणसाने विचार करावा, की करू नये? प्रश्न अगदी साधा, पण आमच्या घरात यावर सरळ दोन तट पडलेले आहेत. एक तट म्हणतो, दिसलं की टिपावं, विचार करत बसलात की क्षण गेला. दुसरा म्हणतो, उजेड कुठून येतोय, मागे काय दिसतंय हे न बघता काढलेला फोटो म्हणजे नुसती अडगळ. मी जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे असल्या वादात निवाड्याला मलाच बसवतात. मीही मास्तरच, निवाडा देण्याआधी पुस्तकं उघडून बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. थोडं लांबेल, पण तुम्हाला माझी सवय आहेच!

सुरुवातीला हा वाद संभवतच नव्हता. १८३८ मध्ये पॅरिसमधल्या एका रहदारीच्या रस्त्याचा दागेर या गृहस्थाने खिडकीतून फोटो काढला. तेव्हा एका फोटोसाठी कित्येक मिनिटं प्रकाश आत घ्यावा लागे. त्यामुळे झालं काय, की रस्त्यावरून जाणारी माणसं, घोडे, गाड्या, सगळं पुसून गेलं. एरवी गजबजलेला रस्ता फोटोत ओस दिसतो. फक्त कोपऱ्यावर एक माणूस उभा आहे, बूट पॉलिश करून घेतोय म्हणून. बिचारा एका जागी थांबला आणि फोटोत उमटला. ज्यांचे फोटो निघाले अशा पहिल्या माणसांत त्याची गणना होते.

दागेरची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, म्हणजे आपल्याकडेही ही विद्या फार उशिरा आली असं नाही. पण तो काळ तिपाईचा आणि काळ्या कापडाचा. आपल्या आजोबा-पणजोबांचे फोटो आठवून बघा. सगळे कसे जबड्यात आवळा धरल्यासारखे बसलेले! त्यांना हसू येत नव्हतं असं नाही, पण हसू तेवढा वेळ टिकवणार कसं? फोटो ही ठरवून, बसवून करायची गोष्ट होती. उत्स्फूर्तपणाला तिथे जागाच नव्हती.

ती जागा मिळाली १९२५ मध्ये. जर्मनीत लायका नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आला. सिनेमाच्या फिल्मची पट्टी त्यात बसे, एका रोलमध्ये ३६ फोटो निघत, आणि कॅमेरा कोटाच्या खिशात मावे. कॅमेरा आता माणसाबरोबर चालू लागला. आणि तेव्हापासून घराघरांतले हे दोन तट निर्माण झाले असं म्हणायला हरकत नाही.

'दिसलं की टिपावं' या पक्षाचा कुलगुरू म्हणजे आँरी कार्तिए-ब्रेसाँ. जन्म १९०८, फ्रान्समधला. मुळात चित्रकलेचा विद्यार्थी. १९३२ च्या सुमारास त्याच्या हाती लायका आला. त्याच वर्षी पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनमागे त्याने एक फोटो काढला. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर आहे, खाली पाण्यात त्याची उलटी सावली. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून त्याने हा फोटो घेतला. फट इतकी अरुंद होती की भिंगाला पुरती जागाही मिळत नव्हती.

१९५२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ साधारण 'घाईघाईत, चोरून टिपलेल्या प्रतिमा' असा होतो. अमेरिकेतल्या प्रकाशकाने इंग्रजी आवृत्तीला नाव दिलं 'द डिसाइसिव्ह मोमेंट', म्हणजे 'निर्णायक क्षण'. हे इंग्रजी नाव जगभर झालं आणि त्याबरोबर एक समजूतही पसरली, की हा माणूस रस्त्यावरून चालत जातो, वीज चमकावी तसा क्षण त्याला दिसतो, आणि बोट आपोआप दाबलं जातं.

पण त्याने स्वतः लिहिलेलं वाचलं, की चित्र जरा वेगळं दिसतं. कधी कधी नुसती वाट बघत थांबावं लागतं, हेही त्याने त्याच पुस्तकात सांगून ठेवलंय. जागा चांगली आहे, चौकट जुळली आहे, आता तिच्यात कुणीतरी चालत येऊ दे म्हणून थांबायचं. शिवाय फोटो घेण्याआधी त्याने चित्रकार आंद्रे लोत याच्याकडे भूमितीच्या अंगाने चित्राची रचना शिकून घेतली होती. रेषा कुठे जाते, वजन कुठे पडतं, हे सगळं डोळ्यांत आधीच मुरलेलं होतं.

इथे मला आपले पाढे आठवतात. चौथीतल्या पोराला विचारलं, सतरा चोक? तर तो विचार न करता सांगतो, अडुसष्ट. पाहुण्याला वाटतं, काय पोरगं आहे! पण त्या 'विचार न करता' मागे सकाळी सकाळी घोकलेले किती महिने आहेत हे त्याच्या मास्तरांना ठाऊक असतं. विचार संपलेला नसतो, तो आधीच करून ठेवलेला असतो.

आता दुसऱ्या पक्षाचा कुलगुरू बघू. अमेरिकेतला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. डोंगर, झाडं, आकाश यांचे फोटो काढणारा. भलामोठा कॅमेरा, तिपाई, प्रकाश मोजायचं मीटर, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक छटा आधी ठरवून घ्यायची त्याची स्वतःची पद्धत. म्हणजे विचार करण्याची परिसीमा! आणि या माणसाचा सगळ्यांत गाजलेला फोटो कसा निघाला?

१ नोव्हेंबर १९४१ ची संध्याकाळ. न्यू मेक्सिको राज्यात हर्नांडेझ नावाच्या खेड्याजवळून अ‍ॅडम्स मोटारीने चालला होता. बाजूला पाहतो तर पूर्वेला चंद्र वर आलेला, आणि मावळत्या सूर्याचा शेवटचा उजेड खेड्याच्या स्मशानातल्या पांढऱ्या क्रूसांवर पडलेला. गाडी थांबवून त्याने कॅमेरा लावला, पण मीटर काही केल्या सापडेना. सूर्य ढगाआड जाण्याच्या बेतात. तेवढ्यात त्याला आठवलं की चंद्राची तेजस्विता किती असते हा आकडा आपल्याला पाठ आहे. त्यावरून त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि फोटो घेतला. आणखी एक घ्यावा म्हणून फिल्मची पेटी उलटी करतोय, तोवर क्रूसांवरचा उजेड गेलेला होता.

म्हणजे बघा. उत्स्फूर्तांचा राजा वाट बघत थांबत होता, आणि विचारवंतांच्या राजाचा सर्वोत्तम फोटो काही क्षणांच्या धावपळीत निघाला. पण ती धावपळ साधली कशामुळे? पाठ असलेल्या आकड्यामुळे. पुन्हा पाढेच!

मी काही फोटोग्राफर नव्हे. पण ज्या काळात अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा मध्यमवर्गीयांच्या कपाटात असे, त्या काळात तो माझ्याकडेही होता. एका रोलमध्ये १२ फोटो. शाळेची सहल रायगडावर निघाली की आदल्या रात्री मी वहीत यादी करत असे. महादरवाजा एक, समाधी एक, सगळ्या मुलांचा एकत्र एक, असे ११. बारावा मुद्दाम शिलकीत ठेवायचा. एका वर्षी तो परतीच्या वाटेवर एस.टी.च्या थांब्यावर वापरला. वर्गातला सगळ्यांत दांडगा मुलगा सर्वांत लहान मुलाला खांद्यावर झोपवून उभा होता, आणि स्वतः उभ्याउभ्याच पेंगत होता. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आजही तोच फोटो मागतात, महादरवाजा कुणी मागत नाही. तो अचानक मिळाला हे खरं. पण तो घेता आला, कारण एक जागा रिकामी ठेवायची हे आधी ठरलेलं होतं.

असो. माझ्या १२ फोटोंची गोष्ट इथेच पुरे. मला खरं सांगायचंय ते महात्मा गांधींच्या फोटोंबद्दल. कारण दोन्ही तटांचे लोक कॅमेरे घेऊन या एका माणसासमोर येऊन गेले, आणि त्यांची तिथे चांगलीच परीक्षा झाली. गांधीजींना झगझगीत उजेड सहन होत नसे आणि फोटोसाठी मुद्दाम बसणं तर त्यांना मुळीच पसंत नव्हतं.

१९४६ मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट त्यांचा फोटो काढायला आली. पोलादाचे कारखाने, धरणं यांचे भव्य फोटो काढून तिने नाव कमावलं होतं. दिवे, तारा, सगळा जामानिमा बरोबर. तिला सांगण्यात आलं, आधी चरखा चालवायला शिका. चरख्यावर बसलेल्या माणसाचा फोटो हवा, तर चरखा काय असतो ते ठाऊक नको? बाई बसल्या आणि शिकल्या. त्यातून तो दिवस बापूंच्या मौनाचा, म्हणजे बोलायचं नाही. आणि फ्लॅशचे बल्ब वापरायचे ते फक्त तीन.

पहिला बल्ब पेटला, पण शटरशी त्याचा मेळ जमला नाही. दुसरा पेटला, पण फिल्मसमोरची पट्टी ओढून काढायची राहिली, फिल्म कोरी. आता उरला एकच. तिसऱ्या बल्बने जो फोटो दिला तो तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. पुढे मोठा चरखा, आणि त्याच्यामागे मांडी घालून कात्रणं वाचत बसलेले गांधीजी. नीट बघा, ते सूत कातत नाहीयेत, वाचतायत. तरीही फोटो चरख्याचा वाटतो. मला वाटतं, तिला आधी कातायला लावलं नसतं तर तिने चरखा असा माणसाच्या पुढे ठेवला नसता. गंमत म्हणजे हा फोटो तेव्हा 'लाइफ' मध्ये लहानसा छापून आला. मोठा झाला तो १९४८ मध्ये, गांधीजी गेल्यावर.

बाहेरून येणाऱ्यांना तीन बल्ब तरी मिळत. घरातल्याला तेही नव्हते. कनू गांधी हा बापूंच्या पुतण्याचा मुलगा, आश्रमात वाढलेला. आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला तो बापूंच्या कार्यालयात काम करी. त्याला फोटो काढायची हौस लागली. बापूंनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. कधीही 'असे बसा, इकडे बघा' म्हणायचं नाही. आणि खर्चासाठी आश्रमाचा पैसा मिळणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली.

या अटींचा अर्थ काय होतो बघा. उजेड जसा असेल तसा घ्यायचा. माणसाला हलवायचं नाही, आपणच हलायचं. आणि फिल्म आपल्या खर्चाची, म्हणजे उधळपट्टी बंद. त्यातून रोलायफ्लेक्स पोटाशी धरून वरून काचेत बघावं लागे, म्हणजे फोटो काढणाऱ्याची मान आपोआप खाली. सुमारे दहा वर्षं कनू असा मान खाली घालून बापूंच्या आसपास वावरला. बापू वजन करताना, रेल्वेच्या डब्यातून हरिजन फंडासाठी हात पसरताना, समुद्रकिनाऱ्यावर चालताना. कित्येक फोटोंत बापूंची पाठ आहे, चेहरा अर्धा कापलेला आहे, चौकटीत कुणाचा तरी हात शिरलाय. पण कॅमेरा समोर आहे याची जाणीव बापूंच्या अंगावर कुठेच दिसत नाही. हे उत्स्फूर्त म्हणायचं की विचारपूर्वक? मला तर दोन्ही शब्द तोकडे वाटतात. सहवासातून आलेली ही नजर आहे. आईला मूल रडणार हे आधी कळतं, तसं.

आता ३० जानेवारी १९४८. कार्तिए-ब्रेसाँ तेव्हा भारतात होता. त्या दुपारी तो दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये गांधीजींना भेटला आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भरलेल्या आपल्या प्रदर्शनाची पुस्तिका त्यांना दाखवली. गांधीजी एकेक पान उलटत एका फोटोपाशी थांबले. पॉल क्लोदेल हा फ्रेंच कवी एका शववाहिनीकडे बघतोय, असा तो फोटो. याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं आणि 'मृत्यू' हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला, असं ब्रेसाँने पुढे सांगितलं. तो निरोप घेऊन बाहेर पडला, आणि थोड्याच वेळात गांधीजींवर गोळ्या झाडल्याची बातमी त्याच्या कानावर आली. तो परत फिरला.

बिर्ला हाउसच्या फाटकावर चढून पंडित नेहरूंनी गर्दीला गांधीजी गेल्याचं सांगितलं. अंधार पडलेला, रस्त्यावरच्या दिव्याचा काय तो उजेड. त्या क्षणाचा ब्रेसाँचा फोटो आहे. शास्त्र म्हणून बघाल तर तो सदोष, हललेला आणि अस्पष्ट. पण त्या रात्री कोण स्थिर होतं?

बर्क-व्हाइटही त्या दिवशी दिल्लीत होती. तिनेही त्याच दिवशी गांधीजींची मुलाखत घेतली होती. बातमी कळताच ती धावली, आणि जिथे पार्थिव ठेवलं होतं त्या खोलीत कॅमेरा लपवून शिरली. तिथे तिने फ्लॅश पेटवला. लोक संतापले, कॅमेरा हिसकावून फिल्म काढून टाकली गेली आणि तिला बाहेर जावं लागलं. मी इथे तिला दोष द्यायला बसलेलो नाही. तिचं कामच ते होतं, आणि चरख्याचा फोटो आपल्याला तिनेच दिला. पण १९४६ मध्ये जी बाई आधी सूत कातून मग बल्ब वापरते, तीच दोन वर्षांनी अंधाऱ्या खोलीत शोक करणाऱ्यांसमोर उजेड पाडते. आधी होतं ते तयारीला मिळालेलं सवडीचं मोल. नंतर उरली ती फक्त क्षण निसटण्याची भीती. आणि ही भीती पुष्कळदा उत्स्फूर्ततेचं सोंग घेऊन येते, हे मला या गोष्टीतून उमगलं.

आणखी एक नाव. होमाई व्यारावाला, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्या दिवशी त्या प्रार्थनासभेला जायला निघाल्या होत्या. पतीने परत बोलावलं, उद्या दोघे मिळून जाऊ म्हणाले. उद्या आला तो अंत्ययात्रेचा. त्या यात्रेचे फोटो त्यांनी काढले, पण आदल्या संध्याकाळी आपण तिथे नव्हतो ही रुखरुख त्यांना पुढे कित्येक वर्षं होती. आणि कनू? तो बापूंच्याच कामासाठी नौखालीत होता. ज्याने दहा वर्षं सावलीसारखी सोबत केली, तोच त्या घटकेला दूर. त्याची पत्नी आभा मात्र बापूंच्या शेजारी होती, त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता. एवढा मोठा निर्णायक क्षण, पण गोळ्या झाडल्या जातानाचा फोटो यांच्यापैकी कुणाकडेच नाही.

सगळं वाचून झाल्यावर मला वाटू लागलं, की उत्स्फूर्त की विचारपूर्वक, हा आपला प्रश्नच जरा चुकीच्या जागी विचारला जातो. बटण दाबायला लागतो तो क्षण फार लहान. त्यात विचार मावतच नाही. विचार करायचा तो आधी. काय शिकायचं, कुणाजवळ किती काळ राहायचं, कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही, हे सगळं त्या क्षणापूर्वी ठरलेलं असतं. मग बोट आपलं काम करतं, किंवा करत नाही.

हे 'करत नाही' मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. बापूंसह सगळे तिथे कैदेत होते. बांच्या शुश्रूषेसाठी कनूला तिथे येऊ दिलं होतं. २२ फेब्रुवारीला बापूंच्या मांडीवर बांनी प्राण सोडला. कनू तिथे होता, पण त्या घटकेचा फोटो काढायला बापूंनी त्याला मनाई केली. पुढे पार्थिवाजवळ बसलेल्या बापूंचा फोटो त्याने घेतला, तो आज उपलब्ध आहे. साठहून अधिक वर्षांचा संसार संपवून भिंतीशी बसलेला एक म्हातारा माणूस. आधीचा फोटो नाही, आणि तो नसल्यामुळे इतिहासाचं काही अडलं आहे असं मला वाटत नाही.

आता निवाडा. पहिल्या तटाला सांगतो, टिपा खुशाल, पण नजर आधी मुरू द्या. दुसऱ्या तटाला सांगतो, विचार जरूर करा, पण तो घरून करून निघा. फोन हातात असला की बाराचा हिशेब कुणी ठेवत नाही, हे मला दिसतं. हजार काढता येतात म्हणून हजार काढले जातात. बारसं असो की दहावा, हात वर जातातच. निदान दवाखान्यातल्या खाटेशी आणि घराच्या ओटीवर शेवटचं पाणी देताना तरी ते खाली राहावेत, एवढं माझं दोन्ही तटांना सांगणं आहे. तुम्ही कुणी मुद्दाम न काढलेला एखादा फोटो असेल, तर भेटाल तेव्हा त्याची हकीकत जरूर सांगा. मला ऐकायला आवडेल.